सातव्या पेटीतली वही

थंडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. त्या जगल्यात की नाही हे कळायला पेटीच्या दारात रबरी नळी घालून कान लावावा लागतो. बाबांना, म्हणजे इमरिख मास्तरांना, नोव्हेंबरात पकडून नेल्यापासून दर रविवारी हे काम ओटिलियाकडे होतं. तात्रा पर्वताच्या पायथ्याशी, १९५२च्या फेब्रुवारीत, सहा पेट्या गुणगुणत होत्या. सातवी रिकामी होती. तिच्यात बाबांची रोजनिशी लपवलेली होती. सरकारने कोणाचं शेत जबरदस्तीने सामुदायिक शेतीत ओढलं, कोणाला गाडीत घालून नेलं, सगळं तारीखवार.

त्या रविवारी सातवीही गुणगुणली.

ओटिलियाने झाकण उचललं. आत एकही माशी नव्हती. ओल्या शाईचा वास आला. नोव्हेंबरानंतरची पानं कोरी असायला हवी होती, पण ती भरली होती. अक्षर बाबांचंच.

"आज पुन्हा कागद पुढे केला. सही केली नाही."

रोज हेच. चौदा जानेवारीपासून मात्र अक्षर कलंडलेलं. "उजव्या हाताची बोटं मोडली. आता डाव्याने लिहितो."

आजूबाजूच्या बर्फात पावलं होती ती फक्त तिची.

ती घरी आली, तर जिल्ह्याचा साहेब आईसमोर टेबलाशी बसलेला.

"नवऱ्यानं सगळं कबूल केलंय, बाई. गावातली अकरा नावं दिलीत. ही सही, वीस जानेवारीची. तुम्ही एवढंच लिहून द्या, की या माणसाशी आमचा संबंध नाही. पोरीला पुढच्या शाळेत जागा मिळेल. नाहीतर सामुदायिक गोठा आहेच."

"गोठ्यातल्या गायी निदान खोटं बोलत नाहीत," आई म्हणाली. पण सही हुबेहूब होती. आईचा हात हळूहळू लेखणीकडे गेला.

वर्गात नाव विचारलं तरी ओटिलियाची मान खाली जायची. आज आवाज कुठून फुटला, तिलाच कळलं नाही.

"आई, नको! ही सही बाबांची नाही. उजव्या हाताची बोटं मोडल्यावर माणूस इतकी सरळ सही करतो होय?"

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे... तुला कोणी सांगितलं? त्या खोलीत आम्ही तिघंच..."

पुढचं त्याने गिळलं. कागद कोटात कोंबून तो टोपी न घेताच निघून गेला.

आई ताठ उभी राहिली. डोळे भरलेले, पण हनुवटी वर. "जा, घरोघर सांग. इमरिखनं कोणाचंही नाव घेतलेलं नाही."

ओटिलिया आधी पेट्यांकडे धावली. शेवटच्या पानावर नव्या ओळी होत्या.

"आज ओटी परक्या माणसासमोर बोलली. माझी मुलगी!"

आणि खाली : "वही संपली. इथे आम्ही बरेच जण आहोत. दुसरी ठेव."

तिने शाळेची कोरी वही ठेवली.

पुढच्या रविवारी गुणगुण कुंपणापासूनच ऐकू आली. वही शेवटच्या ओळीपर्यंत भरली होती. दर पानावर वेगळं अक्षर, वेगळ्या गावाचं नाव. ओटिलियाने पानं दोनदा उलटून पाहिली.

बाबांचं अक्षर कुठेच नव्हतं.