ब्लॉकवरची खूण

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात रत्नप्रभाबाईंची जुनी हिलमन आमच्या गॅरेजात आली. जोगेश्वरीला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं आणि नंदकिशोरचं गॅरेज होतं. बाई बोरिवलीच्या. गाडी टेम्पोला बांधून ओढत आणलेली. इंजिन जाम होतं. "चालू करून द्या," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात बसून गेल्या.

अशा विलायती गाडीत मूळचं इंजिन क्वचितच उरलेलं असतं. कुणी ॲम्बेसेडरचं बसवतं, कुणी भंगारातलं. म्हणून पार्ट घेण्याआधी इंजिन कुठलं ते ओळखावं लागतं. आम्ही ते उतरवलं, रॉकेलने धुतलं. नंबर असायचा तिथं ब्लॉकचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गुळगुळीत होतं. कारखान्याची खूणही कुठे दिसेना.

"चोरीचं असणार," नंदू म्हणाला.

"चोर इतकं सफाईनं घासत नाही रे."

मग उरलं माप. हेड उघडलं, अडकलेले पिस्टन ठोकून काढले, सिलिंडर मोजले. माप हिलमनच्याच इंजिनाशी जुळलं, फक्त पूर्वी एकदा बोअर करून, आतून कापून, मोठं केलेलं. झीज इतकी की वरच्या कडेला नख अडकत होतं. त्या मापाचा एक पिस्टन मी कुर्ल्याहून आणला, बसवून बघायला.

तो आत जाईना.

पुन्हा मोजलं. सिलिंडर लहान झाला होता. नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही.

"माप चुकलं असेल यार," नंदू म्हणाला.

गॅरेजची चावी त्याच्याकडे असायची. मी म्हटलं, "खरं सांग नंदू, आधीचं इंजिन कुणाला दिलंस?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सीताराम, डोकं ठिकाणावर आहे ना?"

तो चहाला गेल्यावर मी ब्लॉकच्या एका बाजूला छिन्नीनं खोल घाव घातला. खूण असलेली बरी. संध्याकाळी चावी मागून घेतली. त्यानं खिशातून काढून दिली.

सकाळी मी एकट्यानं शटर उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. इंजिन जागेवर. घाव होता, पण मिटत आलेला. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या होत्या, मधे फिकट बारीक रेघ.

नंदू आला तेव्हा मी त्याला बोट लावून दाखवलं. त्यानं वाकून बघितलं आणि तो ब्लॉकच्या मागे गेला.

"काय झालं?"

"मीपण एक खूण मारली होती इथं," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच इंजिन बदललंस."

"मग?"

"नाहीय."

दुपारी बाई टेम्पो घेऊन आल्या. मी सांगितलं, "इंजिन कुठलं ते कळत नाही, याचे पार्ट मिळायचे नाहीत. घेऊन जा."

त्यांनी पदर खोचला, सिलिंडरात बोट घालून कडेनं हळूच फिरवलं.

"छान भरत आलंय," म्हणाल्या. "आता नकोतच पार्ट."

"आणि गाडी?"

"ती ठेवा तुम्हाला."

आम्ही दोघांनी आणि टेम्पोवाल्यानं मिळून इंजिन चढवलं. बीड गार असायला हवं होतं. नंदूनं खाली उतरताच तळवे पँटला पुसले.

टेम्पोवाला म्हणाला, "पुढे बसा बाई."

त्या ऐकेनात. मागे चढल्या, इंजिनाशेजारी मांडी घालून बसल्या, अंगावरची शाल काढून त्याच्यावर नीट पांघरली.

"हळू घ्या हं," त्या म्हणाल्या. "ह्यांना धक्के सोसत नाहीत."