खांद्यातला नायट्रोजन

“मी टाकीत साधी हवा नाही, नायट्रॉक्स वापरली होती. मला काही होऊच शकत नाही!”

दुखरा खांदा गच्च धरून तो आमच्या डॉक्टरांशी हिंदीत हुज्जत घालत होता. अंदमानात सकाळी समुद्राच्या तळाशी फिरून दुपारी विमानात बसलेला हा बहाद्दर! मी हैदराबादेतल्या नामपल्लीच्या हॉस्पिटलात प्रेशर चेंबरची टेक्निशियन. न राहवून पुटपुटले, “हौला कुठला… अगदीच बावळट!”

तो गर्रकन वळला. “मराठी समजतं बरं का मला. इथलाच, अंबरपेठचा आहे. कुलदीप.”

मी लाजेनं लाल! पण माघार कशी घेणार?

“मग मराठीतच ऐका. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन जास्त, नायट्रोजन कमी. साध्या हवेवर जेवढा वेळ राहायचं तेवढंच खाली राहिलात, तर धोका कमी. तुम्ही किती राहिलात?”

“थोडं… जास्तच. कासव होतं हो! एवढं मोठं!”

“मग नायट्रॉक्सनं वाचवलेलं सगळं कासवावर उधळलंत, वर लगेच विमानात चढलात. आता नायट्रोजनचे बुडबुडे खांद्यात बसलेत, ते चेंबरच्या दाबानंच विरतील.”

“निशिगंधा, भांडण आत जाऊन करा,” डॉक्टर हसत म्हणाले.

चेंबरचं जाड दार बंद झालं. आत पेशंट आणि देखरेखीला मी, दोघंच. दाब वाढला, कानांना दडे बसले. त्याला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मला साधी हवा. मधूनमधून थोडा वेळ मास्क काढायचा — बोलणं काय ते तेवढ्यातच. एरवी फक्त त्याचे डोळे… आणि ते फारच बोलके होते.

“तुम्ही कुठे डायव्हिंग करता?” मास्क निघताच त्यानं विचारलं.

“मी? मी अजून समुद्रच पाहिला नाही.”

तो खो खो हसला.

“हळू! खांदा!”

“खांदा?…” त्यानं हात वर केला. “अहो, दुखत नाहीये!”

मी इतकी खूश झाले, की माझं मलाच नवल वाटलं.

शेवटी मीही मास्क उचलला. तो घाबरला. “तुम्हाला काय झालं?”

“काही नाही. इतका वेळ दाबाखाली साधी हवा घेतली ना… बाहेर पडताना बुडबुडे माझ्याही अंगात होऊ शकतात, म्हणून थोडा ऑक्सिजन.”

तो हळूच म्हणाला, “माझ्या कासवापायी तुम्ही…”

मी घाईनं मास्क चढवला. ओठांवरचं हसू लपवायला दुसरं होतं काय!

पुढे काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला पूर्ण बरा ठरवलं. मी फाटकातून बाहेर पडले, तर हा उभा!

“आता मी पेशंट नाही. चहा?”

इराणी हॉटेलात समोरासमोर बसलो.

“पुन्हा गेलात तर नायट्रॉक्सच घ्या,” मी म्हटलं, “पण वेळ साध्या हवेचाच पाळा.”

“कासव दिसलं की मला भान राहत नाही. कुणीतरी सोबत हवं… निशिगंधा, तू येशील?”

तू! माझं उस्मानिया बिस्कीट चहात बुडालं.

“मला पोहता येत नाही…”

“मी शिकवेन. पुढच्या रविवारपासून?”

“रविवारपर्यंत कशाला थांबायचं?”

बोलून गेले खरी! तो इतक्या मोठ्यानं हसला, की गल्ल्यावरचे चाचा मान वर करून बघायला लागले. मीही हसत सुटले. त्याचा हात माझ्या हातात होता — कधी आला, कुणास ठाऊक.