कवळीआधीची भाजी

“आई, बाबांच्या पोटात भाजी नव्हतीच!”

ओटीवर पाय ठेवता ठेवताच हर्षदा ओरडली, आणि नागली पाखडणाऱ्या चैतीच्या हातातलं सूप निसटून दाणे अंगणभर झाले... जव्हारच्या पोलीस कचेरीतून मिळवलेले बापाच्या मरणाचे कागद हातात धरून पोरगी धापा टाकत होती, आणि खांबाला टेकून बसलेल्या सासूने, बुधीने, चार वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडे सरळ पाहिलं होतं!

चार वर्षं! कसली म्हणून वर्षं ती! चैतीचा नवरा वामन पहाटे पोट धरून उठला, ओकला, त्याच्या पापण्या उघडेनात, आणि जव्हारच्या वाटेवर जीपमध्येच त्याने प्राण सोडला. रात्री काय खाल्लं होतं, असं पोलिसांच्या साहेबांनी विचारलं. पहिल्या पावसात रानात उगवते ती कवळीची भाजी मीच रांधली, तीत भलतंच पान आलं असेल, असं चैती म्हणाली. झालं! विषारी रानभाजीने अपघाती मृत्यू, असं लिहून साहेबांनी फाईल बांधली. पण त्यांच्या गावात, पोशेऱ्यात, गावदेवाला वाहिल्याशिवाय कवळीचं पान कुणी चुलीवर चढवत नाही, आणि त्या साली पूजेला अजून चार दिवस होते. दाभोशाला लेकीकडे गेलेली बुधी परतली ती मुलाच्या प्रेतावर पडायलाच, आणि तेव्हापासून देवाचा मान मोडणाऱ्या त्या सुनेच्या हातचं पाणीसुद्धा तिने घेतलं नव्हतं.

हर्षदा जव्हारला नर्सिंग शिकत होती. डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलंय, ती वाचून सांगू लागली, पोटात खाल्लेलं असं फक्त नागलीची भाकर आणि उडीद, आणि घोट्याजवळ टोचल्याच्या दोन बारीक खुणा. जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावली तर सूज येत नाही की कळ येत नाही, नुसतं पोट दुखतं आणि पापण्या पडतात. कुणी ताडून बघितलंच नाही, आईचा जबाब मिळाला आणि साहेब मोकळे झाले!

बुधी काठी टेकत उठली.

“चैते, तू रांधलीच नाय. मंग बोललीस कशाला?”

चैतीने सांगावं तरी कसं? दारात तिचा दीर मुकेश उभा होता! त्या दिवशी मोखाड्याच्या बाजारातून आल्यावर बांधावरून दोघा भावांची जुंपली होती, आणि रात्री समजूत काढायला मुकेशच मोहाच्या दारूची बाटली घेऊन आला होता. पहाटे नवरा गेला तेव्हा तिच्या मनाने त्या बाटलीचाच संशय घेतला होता.

“तुमचा एक गेला व्हता, आये... दुसरा तरी राहू दे, म्हटलं.”

मुकेश दारातून पुढे आला.

“वयनी, त्यातली आर्धी मीच प्यालो व्हतो. येकदा इचारायचं तरी मला.”

एकदा! एका शब्दाचं काम, आणि त्यापायी चार वर्षं तिने विषारी हात म्हणवून घेतलं... चैती पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. बुधीने मात्र डोळे पुसलेसुद्धा नाहीत. रडणं मागाहून, जव्हारची जीप निघून जाईल, असं म्हणत ती अंगण उतरलीदेखील!

बंद झालेली फाईल उघडत नसते, असं कचेरीतल्या कारकुनाने सुनावताच म्हातारीने काठी त्याच्या टेबलावर आडवी ठेवली. पूजेआधी कवळी कुणी खातं का, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुम्ही विचारलं होतं का कुणाला? आवाज ऐकून नवे साहेब बाहेर आले, त्यांनी कागद वाचले, आणि मग चैतीला म्हणाले की चौकशी पुन्हा होईल, पण खोट्या जबाबाबद्दल गुन्हा तिच्यावरच दाखल होऊ शकतो.

चैतीने मुकेशकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि तिने लिहिलेल्या फेरचौकशीच्या अर्जावर अंगठा उमटवला.

“हिला नेलंत तं मलाही न्या,” बुधी म्हणाली.

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारला. निकाल काय लागेल कोण जाणे! पण जीपमधून उतरल्यावर बुधी ओटीवर न टेकता थेट चुलीपाशी जाऊन बसली. यंदाची कवळी कालच पुजून झाली होती.

“रांध,” ती म्हणाली.

चैतीने भाजी रांधून वाढली. म्हातारीने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि ताट पुढे सरकवलं.

“मीठ कमी हाय. आन थोडं.”