चार वेळा घेतलेलं माप

मंगरूळपीरच्या स्टँडबाहेर आमची एस.टी. अडली ती एका बोटीमुळे. आमच्या जिल्ह्यात एस.टी. म्हशींमुळे अडते, मोर्च्यामुळे अडते, ड्रायव्हरला चहाची तलफ आली म्हणूनही अडते. बोटीमुळे अडल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

ट्रकवर लादलेली पांढरी मोटरबोट, अठरा-वीस फूट लांब, वर छोटीशी केबिन. रस्त्यावरून गेलेली विजेची तार त्या केबिनच्या टपाला टेकायला आली होती. टपावर एक तरुण उभा राहून वाळक्या बांबूने तार उचलून धरत होता आणि ट्रक इंचाइंचाने पुढे सरकत होता.

मला माणसं तपासायची खोड आहे. कोणी दिसलं की त्याच्या जमेला काय आणि वजाला काय, हे दोन मिनिटांत मांडून मी मोकळी होते. या माणसाच्या जमेला हिंमत होती, वजाला अक्कल. विजेच्या तारेशी असं कोणी खेळतं का?

माझी खिडकी नेमकी त्याच्या खाली आली.

"काय हो," मी ओरडून विचारलं, "पूर येऊन राह्यला का वाशीम जिल्ह्यात?"

त्याने खाली पाहिलं. हसला. "नाई मॅडम. पण आलाच तर... तुमच्यासाठी खिडकीची सीट धरून ठेवू का?"

अख्खी एस.टी. हसली. आणि मला उत्तर सुचलं नाही. मला! आमचं गाव, इंझोरी, येईपर्यंत मी उत्तरच शोधत होते.

तीन दिवसांनी तो आमच्या दारात उभा. मी घरी मशीनवर ट्रॅक्टरच्या सीटांची रेक्झिनची कव्हरं शिवते. त्याला बोटीच्या गाद्यांना कव्हरं हवी होती.

"तुमी?" तो म्हणाला.

"तुमी?" मी म्हटलं.

"दोघं बी आपापल्या जागी हाये," माझे वडील, नानाजी, खाटेवरून म्हणाले. "आता कामाचं बोला."

कामाचं बोलता बोलता सगळं कळलं. तो राजपाल, तांड्यावरच्या सोमलाकाकांचा मुलगा. बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर समुद्राकाठी कामाला गेला. हंगाम संपल्यावर ते परत आले, हा तिथेच राहिला. दहा वर्षं बोटी दुरुस्त करायच्या एका शेडमध्ये दुसऱ्यांच्या बोटी धुतल्या, खरवडल्या, रंगवल्या, त्यांची इंजिनं उघडली. आणि आता, शेडमध्ये चार वर्षं धूळ खात पडलेली ही जुनी बोट साऱ्या बचतीतून विकत घेऊन गावाकडे आला होता. आमच्या धरणावर लोकांना फिरवायला. परवानगीचे कागद, नारिंगी जॅकेटं, सगळी तयारी त्याने करून ठेवली होती. राहिली होती फक्त बोट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माप घ्यायला धरणाच्या काठावर गेले. बोट ट्रॉलीवर उभी होती.

"जुनी बोट घेताना काय पाह्यता तुमी?" मी टेप उलगडत विचारलं.

"माठ घेताना तुमी काय पाह्यता?"

"वाजवून पाह्यतो."

"बस्स, तेच." त्याने बोटांच्या पेरांनी बोटीचं अंग ठोकलं. टण, टण, टण... "असं वाजलं तर चांगलं. भद्द वाजलं तर आतून पाणी मुरेल हाय. कान लावून पाहा."

मी बाहेरून कान लावला. तो आत शिरला आणि त्याच जागी आतून ठोकू लागला. मध्ये बोटभर जाडीची भिंत. ठोकणं थांबलं तरी मी कान काढला नाही.

"काय ऐकू येऊन राह्यलं?" आतून आवाज आला.

"...ठोके."

"मी तर केव्हाचा थांबलो."

मी झटकन बाजूला झाले. त्या दिवशी मापाची वही घरी आणली तेव्हा त्यात लांबी होती, रुंदी लिहायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. मग तिसऱ्या. चौथ्या दिवशी का गेले, ते नानाजींनी विचारलं नाही. ते नुसते खोकले.

त्या सकाळींमध्ये मी पुष्कळ शिकले. इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून पुसायची आणि पाहायची. तेल मधासारखं दिसलं तर ठीक, दुधासारखं पांढरं दिसलं तर समजायचं, पोटात पाणी गेलं. बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्याला हाताने फिरवून पाहायचं. आणि बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढं पितळी बूच असतं. बोट जमिनीवर असली की ते काढायचं, आतलं पाणी वाहून जातं. पाण्यात सोडताना आधी ते लावायचं, मग देवाचं नाव घ्यायचं.

"आधी देवाचं नको?" मी म्हटलं.

"देव बूच लावत नाही, अंजू."

पहिल्यांदा त्याने मला 'मॅडम' म्हटलं नाही. मी वहीत काहीतरी खोडलं. खोडण्यासारखं काही नव्हतं तरी.

दसऱ्याच्या दिवशी बोट पाण्यात सोडायची ठरली. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटारसायकली, पिठाची चक्की, सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. यंदा बोटीला हार पडणार म्हणून अर्धं इंझोरी आणि सगळा तांडा काठावर आला. सोमलाकाकांनी नवीन लाल पागोटं बांधलं होतं. मुलाच्या बोटीत पहिला मान त्यांचा.

मी सकाळीच बोट धुतली होती. राजपालने सांगितल्याप्रमाणे बूच काढलं, पाणी वाहू दिलं, आणि हरवू नये म्हणून बूच ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. तेवढ्यात बायका आल्या. पुढे रुपाबाई. आमच्या गल्लीतल्या. लोकांच्या वजा बाजूचा माझ्याहून मोठा साठा जर कुणाकडे असेल, तर तो यांच्याकडे.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "गाद्या शिवल्या, बोट बी धुतली. आता काय राह्यलं? कुंकू?"

बायका हसल्या. माझे कान तापले. आणि नेमकं तेव्हाच, ट्रॅक्टरवर बसलेल्या राजपालने सगळ्या गावादेखत हाक मारली —

"अंजूऽऽ! बूच लावलं का?"

नुसतं अंजू. ना ताई, ना मॅडम. रुपाबाईंची भुवई कपाळावर चढली. मला एवढंच हवं होतं की त्याने गप्प बसावं, पुन्हा नाव घेऊ नये.

"लावलं, लावलं!" मी ओरडले आणि गर्दीत मागे शिरले.

लावीन म्हणत होते. देवाशप्पथ, आता जाऊन लावीन म्हणत होते... पण नारळ फुटला, डफडं वाजलं, ट्रॅक्टर मागे सरकला, बोट पाण्यात उतरली, आणि ती अशी काही डुलली की मी सगळंच विसरले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. राजपालने वळून गर्दीत कुणालातरी शोधलं. कुणाला, ते मला माहीत होतं.

पन्नास हात गेली असेल बोट. मग मागची बाजू बसायला लागली. आधी हळूच, आजारी म्हैस बसते तशी. मग एकदम. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. सोमलाकाका कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांचं नवं पागोटं उलगडत, लाल रेघ ओढत, झेंडूच्या हाराबरोबर वाहत निघालं.

लोक हसले. मोबाईल वर झाले.

पाणी खोल नव्हतं; दोर बांधून ट्रॅक्टरने बोट ओढून काढली. मागच्या भोकातून पाण्याची धार लागली. राजपालने त्या धारेकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

माझी मूठ ओढणीच्या गाठीवर होती.

"काय झालं रे?" कुणीतरी विचारलं.

"माहंच चुकलं," तो म्हणाला. "बूच लावाचं राह्यलं."

"दहा वर्षं समुद्रावर काय शिंपले येचत होता का?" रुपाबाई म्हणाल्या, आणि लोक पुन्हा हसले. मी उभी होते. तोंड उघडलं नाही. जगातल्या साऱ्यांच्या चुका तोंडपाठ असलेली मी, स्वतःच्या चुकीवर ओढणी घेऊन घरी आले.

बोटीचं नाव 'बुडकी' पडलं. पोरं तिचा व्हिडिओ गाणं लावून फिरवत होती. धरणावर फिरायला आलेले लोक बोटीपाशी जात, फोटो काढत आणि हसत निघून जात. बसत कुणीच नव्हतं. राजपालने इंजिन खोलून, दुधासारखं झालेलं तेल काढून, धुऊन पुसून पुन्हा जोडलं, असं कानावर आलं. मी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

आठव्या दिवशी सोमलाकाका दारात आले. डोक्याला साधा रुमाल गुंडाळलेला. खांद्यावर दसऱ्याला भिजलेल्या गाद्या.

"बाई, याची शिवण उसवली. जरासा टाका मार. घेणारा येऊन राह्यला रविवारी."

"कोणाले घेणारा?"

"बोटीले. राजपाल बी जातो म्हन्ते तिच्यासंगं वापस." ते ओट्याच्या कडेवर टेकले, पाहुण्यासारखे, अर्धेच. "पोरगा माहा हुशार हाय वं. लोकं हासतात, हासू दे. पण त्या दिवशी त्याचं चित्त कोठी होतं, काय मालूम..."

माझ्या हातातली सुई रेक्झिनमध्ये तशीच राहिली. म्हातारा माझ्या चुकीची माफी माझ्याच ओट्यावर बसून मागत होता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लाजेचं एक असतं, ती अंगावर घेतली नाही तर दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसते. बापाच्या रुमालात बसते.

दुपारी मी धरणावर गेले. तो बोटीच्या पोटाखाली उताणा पडून रंग लावत होता. नुसते पाय दिसत होते. पायांशी बोलणं सोपं होतं.

"बूच माह्यापाशी होतं," मी म्हटलं.

"मालूम हाय."

"मी खोटं बोलली."

"ते बी मालूम हाय."

"मग सांगतलं काहून नाही?"

ब्रश थांबला. "बोट तर बुडलीच होती, अंजू. तिच्यासंगं तुले कायले बुडवू?"

मला रडू यायला हवं होतं. राग आला. "अन् तुह्या बाचं पागोटं? ते कोणाच्या नावावर बुडलं? तू मोठा झाला, अन् मी चोर राह्यली. हे बरं हाय तुहं!"

तो सरकत बाहेर आला. गालावर पांढऱ्या रंगाचा पट्टा. "मी कोणाले मोठं-लहान कराले नाही केलं. मले... तुहं नाव त्यांच्या तोंडात नव्हतं पाहिजे." मग खाली पाहत म्हणाला, "आता रविवारी जातो. बुडक्या बोटीत कोण बसते?"

रविवारी घेणाऱ्याचा ट्रक आला. बोट पाण्यात सोडून, चालवून दाखवायची होती. ट्रक पाहून गाव पुन्हा जमलं. आमच्या गावाला फुकटचं काहीही पुरतं. नानाजीही आले, रुपाबाई तर आधीपासूनच होत्या.

ट्रॉली अजून कोरड्यावर होती. मी चप्पल काढली, ट्रॉलीच्या चाकावर चढले आणि दसऱ्याला मारलेली ती ओढणीची गाठ सोडली. बूच वर धरलं.

"हे पाहा. दसऱ्याले हे माह्यापाशी होतं. राजपालनं मले इचारलं होतं, बूच लावलं का. मी हो म्हटलं. लावलं नव्हतं. बोट चांगली हाय, चालवणारा बी चांगला हाय. खोटी मी हाय."

रुपाबाई पुढे सरकल्या. त्यांना नेमकं कुठे टोचायचं ते कळतं.

"म्हणजे तू त्या बोटीवर... रोज सकाळी?"

"हो."

"कायले वं?"

"सीटचं माप घ्यायले. चार डाव घेतलं." आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "दुसऱ्या डावातच बरोबर आलं होतं."

आधी एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळा काठ. पण दसऱ्यासारखं नाही. राजपाल ट्रॅक्टरवर पुतळ्यासारखा बसला होता, स्टिअरिंग धरून, जणू तेही बुडेल. आणि मला फक्त एकच चेहरा पाहायची भीती होती.

नानाजी सावकाश पुढे आले. धोतर आवरलं. माझ्याकडे पाहिलं नाही, बोटीकडे पाहिलं.

"ते बूच लाव आधी," ते म्हणाले.

मी खाली उतरले. पितळ थंड होतं, आटे बसेनात. तिसऱ्यांदा बसले.

बोट पाण्यात उतरली. नानाजी गुडघाभर पाण्यातून चालत गेले, आत चढले आणि मी शिवलेल्या सीटवर ऐसपैस बसले. "सोमलाभाऊ, या. रिकामी जागा हाय." मग राजपालकडे वळून म्हणाले, "पोरीनं अब्रू तर सोडलीच पाण्यात. निदान एक चक्कर तरी मारून आण."

बोट गेली, पार पलीकडच्या काठापर्यंत, आणि कोरडी परत आली. मग रांग लागली. घेणारा तासभर थांबला, दोन चकरा मारल्या आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

संध्याकाळी, काठ मोकळा झाल्यावर, राजपाल म्हणाला, "ते खिडकीची सीट... धरून ठेवली होती."

"मले त्या दिवशी उत्तर सुचलं नव्हतं."

"आता?"

"आता माप घ्यावं लागन," मी म्हटलं. "पाचव्यांदा."

आता दर रविवारी मीच बोट धुते. बाहेरगावचे लोक जॅकेटं घालून रांगेत उभे असतात, रुपाबाई नातवाला घेऊन पहिल्या नंबरावर, आणि राजपाल सगळ्यांदेखत तीच हाक मारतो — "अंजूऽऽ! बूच लावलं का?"

"लावलं," मी म्हणते.

तो तरीही खाली उतरतो, पाण्यात हात घालतो, बूच चाचपतो, आणखी अर्धा आटा आवळतो आणि माझ्याकडे न पाहता परत चढतो. माझे कान तेव्हाही तापतात.