गर्दीतला कुकारा

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही लगेच पटवून घ्यावी असा आग्रह नाही. ज्याच्या घरात घडली, त्या समर्थलाही ती अजून पटलेली नाही.

भुताच्या गोष्टीला अमावास्येची रात्र लागते, हे मला माहीत आहे. माझा नाइलाज आहे. ही घडली मे महिन्यात, रविवारी, भर दुपारी. रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या मागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लाइट होती. लिफ्ट बंद होती, पण ती कायमच बंद असते. त्यात अमानवी काही नाही.

समर्थ माझा शाळेपासूनचा मित्र. सरकारी नोकरी, पंचेचाळिशी पार, भजन आणि बातम्या सोडून कानात काही जाऊ न देणारा माणूस. घरात बायको मृणाली, पुण्याला शिकणारी मुलगी शमिका आणि काशीकाकी.

काकी त्याची सख्खी चुलती. मूळ पूर्णगडची. समर्थची आई लवकर गेली, त्याला वाढवलं काकीनेच. तिचा नवरा, शिवाकाका, मोठ्या मालवाहू बोटीवर खलाशी होता. समर्थ पहिलीत असताना काका भर समुद्रात बोटीवरून पडला.

देह मिळाला नाही.

देह नाही, म्हणून काकीने कुंकू पुसलं नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाका, असं गावाने सांगून बघितलं. काकी म्हणाली, "गवताला कसली आग देता? माणूस येऊ दे, मग बघू." भटजी दर्भ घेऊन परत गेले.

तर त्या मे महिन्यात काकीच्या जुन्या पेटीला खालून वाळवी लागली. समर्थने पेटी उपसली. तळाशी काकाने पाठवलेला टेपरेकॉर्डर निघाला, आणि एक कॅसेट. विलायती बँड. कव्हरवर केस वाढवलेली चार माणसं. मैदानात, लोकांसमोर झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग.

बँडचं नाव सांगत नाही. तुम्ही लगेच लावून बघाल.

समर्थने बाजारातून नवा रबरी पट्टा आणून टेप चालू केला. उद्देश फक्त टेप चालतो का बघण्याचा. पहिलं गाणं म्हणजे कोणीतरी कातळावरून पत्रे ओढत नेतंय असा प्रकार. दुसरं तसंच, फक्त पत्रे जास्त.

तिसरं मात्र हळू सुरू झालं. एकच गिटार. समोर हजारो माणसं, आणि त्यांचा श्वास ऐकू येतोय. गाणाऱ्याने एक ओळ अर्ध्यावर सोडली... आणि ती सगळ्या मैदानाने पूर्ण केली.

हजारो माणसं मिळून एक गाणं म्हणतायत, हे समर्थने आजवर फक्त आरतीच्या वेळी ऐकलं होतं. त्याच्या अंगावर काटा आला. हा काटा साधा होता. चांगला होता.

मग तो त्या कॅसेटच्या पार आहारी गेला. ऑफिसातून आला की कॅसेट. कुठे ढोल थांबतो, कुठे गाणारा खोकतो, कुठे टाळ्या पडतात, सगळं पाठ झालं. हे पाठांतर लक्षात ठेवा.

त्याने शमिकाला फोन करून मोठ्या अभिमानाने बँडचं नाव सांगितलं.

"बाबा, हे जगाला पन्नास वर्षांपूर्वीच कळलंय."

"आमच्याकडे टपाल उशिरा येतं," समर्थ म्हणाला.

काकीचं मत वेगळं होतं. "मेल्या, ही माणसं एवढी बोंबलतायत कशाला? कोण बुडतंय का?"

त्या रविवारी जेवणं झाली. मृणाली आडवी झाली होती. काकी स्वयंपाकघराच्या दारात फणसाच्या आठळ्या सोलत होती. टेप चालू होता. तिसरं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या मागून... खूप मागून...

"कूऽऽऽ... कूऽऽऽ... कू."

कुकारा. खाडीत होडी शिरली की माणसं तोंडापुढे हात धरून घालतात, तशी लांब हाक.

समर्थने मान वर केली. विलायती मैदानात कुकारा कोण घालेल?

काकीचे हात थांबले होते.

"तो हाय," काकी म्हणाली.

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोट परदेशी बंदरात लागलेली असताना शिवाकाका सोबत्यांबरोबर हा कार्यक्रम ऐकायला गेला होता. पुढच्या फेरीत त्याच बंदरात त्याची कॅसेट विकायला आलेली दिसली. काकाने ती घेतली आणि सुट्टीवर गावी निघालेल्या धोंडू खलाशाकडे दिली. निरोप दिला, "ह्या गर्दीत मी कुकारा घातलाय. काशीला म्हणावं, ओळख बघू."

धोंडू घरी पोचला, आणि त्याच्यामागोमाग तार आली.

काकीने कॅसेट न ऐकताच पेटीत टाकली होती.

समर्थचा जीव भांड्यात पडला. म्हणजे भूत नाही, रेकॉर्डिंग आहे; इतके दिवस टाळ्यांत लक्ष गेलं नसेल, एवढंच. उलट किती छान. काकाचा आवाज सापडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकी, परत ऐकतेस?"

"नको."

"अगं, काकाचा आवाज आहे."

"म्हणूनच नको. कुकाऱ्याला उलट कुकारा द्यावा लागतो, ठाऊक नाय तुला?"

ठाऊक होतं. पूर्णगडला रीतच होती. खाडीतून गड्याने कुकारा घालायचा, घरातून उलट कुकारा जायचा, मगच होडी धक्क्याला लागायची. उत्तर आलं नाही, तर गडी होडीतच थांबायचा. घरात काही बरंवाईट असेल, कोण जाणे.

दुसरीही एक रीत होती. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाची हाक आली, तर ओ द्यायची नाही. कधीच.

"टेपमधल्या आवाजाला कसल्या रिती?" असं म्हणून समर्थने कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा लावली. शिकलेला माणूस. शिक्षणाचा उपयोग कुठेतरी करायलाच हवा.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. टाळ्या पडल्या, आणि...

"कूऽऽऽ... कूऽऽऽ... कू."

तिसरं गाणं अजून सुरूच झालं नव्हतं.

आणि हाक मागून आली नव्हती. गर्दीच्या मधून आली होती.

समर्थला सगळं पाठ होतं. दुसऱ्या गाण्यानंतर गाणारा खोकतो, मग कोणीतरी हसतं, मग तिसरं सुरू होतं. आता खोकला नव्हता. हसू नव्हतं. टाळ्याही नव्हत्या...

अख्खं मैदान गप्प झालं होतं.

हजारो माणसं श्वास रोखून थांबली होती. उत्तराची वाट बघत.

काकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

समर्थने टेप बंद केला. कॅसेट कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. संध्याकाळी तो एकटाच गच्चीवर गेला आणि मोबाइलवर तोच कार्यक्रम शोधला. कंपनीने आवाज साफसूफ करून नव्याने काढलेला. यात कुकारा असलाच, तर तिसऱ्या गाण्यानंतर, लांबूनच यायला हवा.

पहिलं गाणं संपलं...

"कूऽऽऽ..."

पार पुढच्या रांगेतून.

त्याने फोन बंद केला. मग पुन्हा चालू करून खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. कोणी रडलं होतं, कोणी तरुणपण आठवलं होतं, दोघे गिटारवाल्यावरून भांडत होते. कुकाऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. शमिकाला फोन करून ऐकायला सांगितलं. ती म्हणाली, "गर्दी आहे बाबा. गर्दीत लोक ओरडतातच."

रात्री काकी जेवली नाही. "तो इतकी वर्षं होडीत बसून राहिलाय रे," एवढंच म्हणाली.

"काकी, ओ द्यायची नाही. शपथ आहे माझी."

"तुझी शपथ घालून मला अडवतोस? तुला वाढवला तो ह्याच्यासाठी काय?"

पण तिने शपथ पाळली. टेप बंद, कपाट बंद, घरात भजनंही बंद. समर्थला वाटलं, निभावलं.

पुढच्या रविवारी शमिका सुट्टीवर आली. समर्थ बाजारात गेला होता. परतताना जिना चढायला लागला, आणि वरून गिटार ऐकू आली.

त्याच्याच घरातून.

मुलीने बाबाला खूश करायला आपल्या छोट्या स्पीकरवर ते लावलं होतं. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय?

समर्थ धावला. पिशवी सुटली, जिन्यावरून आंबे गडगडत खाली गेले. पहिल्या मजल्यावर असताना वरची गिटार थांबली. गाणं सुरू होता होताच थांबली.

"कूऽऽऽ... कूऽऽऽ... कू."

आता गर्दी नव्हती. आवाज थेट माइकवर होता.

मग शांतता. रस्त्यावरची रिक्षाही जणू बंद पडली. कावळे गप्प. समर्थ कठडा धरून वर धावत होता. त्याला फक्त पायऱ्या दिसत होत्या, आणि त्या संपत नव्हत्या.

आणि मग वरून... काकीचा कुकारा.

म्हातारीचा आवाज नव्हता तो. खाडी ओलांडून जाणारा, भरलेला, तरण्या बाईचा होता.

पाठोपाठ टाळ्या. तशा टाळ्या त्या कॅसेटवर कुठेच नाहीत.

समर्थ दारात पोचला, तेव्हा शमिका भिंतीला चिकटून उभी होती. काकी खुर्चीत बसली होती, अगदी व्यवस्थित. हसत होती.

"कंदील धर रे कोणीतरी," काकी म्हणाली. "धक्क्यावर चढताना त्याचा पाय घसरतो."

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

मृणालीने तिला पाणी दिलं, आत नेऊन निजवलं. चहाला उठवायला गेली, तेव्हा काकी गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. बरोबरच आहे. वय झालंच होतं.

काकीबरोबर काकाचीही क्रिया उरकली. दर्भाचा पुतळा करून. या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

कॅसेट समर्थने पुलावरून खाडीत टाकली. पण असा बँड खाडीत बुडत नाही. गणपतीत तो सलूनमध्ये दाढीला बसला होता, आणि तिथल्या पोराने तोच कार्यक्रम लावला. समर्थच्या गळ्यावर वस्तरा होता. उठणार कसा?

पहिलं गाणं संपलं. काही नाही. दुसरं, तिसरं. खोकला जागेवर, हसू जागेवर. काकाचा कुकारा नव्हता. एकदाही नव्हता.

समर्थ म्हणतो, त्याला हलकं वाटलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच ते गाणं नुसतं गाणं म्हणून ऐकलं. पोचली दोघं, असं त्याच्या मनात आलं.

दाढी झाल्यावरही तो ऐकत बसून राहिला. शेवटचं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या मागून... खूप मागून...

एक लांब, दोन आखूड.

ही हाक काकाची नव्हे. समर्थ लहानपणी पूर्णगडच्या पुळणीवर, वाळूत खेळायचा. दिवेलागणीला काकी त्याला जेवायला बोलवायची, ती ही हाक.

हे त्याने मला परवा सांगितलं. आम्ही आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याला गाडी लावून बसलो होतो. रेडिओ बंद होता. तो कुठेच काही लावू देत नाही हल्ली.

मी म्हटलं, "मग ओ देऊ नकोस. सोपं आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"काल ती शेवटून दुसऱ्या गाण्यानंतर होती," तो म्हणाला. "शेजाऱ्यांकडे वाजत होतं."

"तरी देऊ नकोस."

त्याने गाडीची काच वर केली. मग म्हणाला,

"तुला काकी ठाऊक नाही. लहानपणी ओ दिली नाही, तर ती शोधत यायची."