चौदा नंबरच्या विहिरीचं माप

खोटं वाटलं तर वाटू दे. मी ज्ञानेश्वरी, पारनेर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे आणि हे माझ्याच टेबलावर घडलंय.

30 नोव्हेंबर 2023, गुरुवार. भर दुपारी अडीच. कार्यालयात मी एकटी.

आमच्या गावात दर महिन्याला विहिरी मोजतात. गाठी मारलेला दोर सोडायचा आणि पाणी किती फूट खाली आहे ते लिहायचं. आकडा चाळीसच्या पुढे गेला की आसपास नवा बोअर नाही. हा नियम आमच्या जुन्या सरपंचांचा, कारभारी अण्णांचा. मापांचा प्रोग्रामही त्यांनीच बसवून घेतला, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा. अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. नव्या कॉम्प्युटरवर तो थेट चालत नाही, म्हणून मी डॉसबॉक्समध्ये चालवते. काळी खिडकी, पांढरी अक्षरं. माऊस तिथे कुचकामी.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. गावातले बागायतदार गोरक्षभाऊ, त्यांना चौदा नंबरच्या विहिरीशेजारी बोअर घ्यायचा होता. अख्खं गाव त्याच विहिरीचं पाणी पितं.

मी माप टाकलं… 38. एंटर.

स्क्रीनवर 41.

माझंच चुकलं असेल. पुन्हा 38.

41.

नव्या विंडोजची खोड असेल म्हणून प्रोग्राम बंद करून परत चालू केला. हात मांडीवर ठेवले.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना…

टक.

कीबोर्डवरचं 4 आपोआप दबलं.

टक… मग 1.

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या मापाला खोटं पाडणारा हा कोण? दोर उचलला आणि तडक विहिरीवर गेले. स्वतः मोजलं.

38च.

शेजारच्या रानात अण्णांच्या पत्नी भागूबाई खुरपत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

"कुठून मापलं गं?"

"जमिनीपासून."

"तितंच चुकलं तुमचं. ह्ये गेल्यावर मोटार बसवली, तवा तीन फुटाचा कठडा पाडला. ह्ये कठड्यावरून मापायचे. मापाला लई कडक हुते."

म्हणजे कठडा गेला आणि आम्हाला वाटलं, पाणी तीन फूट वर आलं! इतकी वर्षं आम्ही स्वतःलाच फसवत होतो.

ग्रामसभेत मी 41 वाचलं. काय घडलं तेही सांगितलं.

गोरक्षभाऊ उसळले. "भुताचा आकडा आमाला वाचून दाखवती व्हय? फॉरमॅट मार त्यो डबा!"

"भुताचा असू द्या, बरोबर आहे. आणि फॉरमॅट मारायला आधी मला खुर्चीवरून उठवावं लागेल."

कोणी उठवलं नाही. बोअर झाला नाही.

पण महिना होत आला तरी मला धड झोप नाही. काल सकाळी प्रोग्राम उघडला, तर चौदा नंबरसमोर एक जादा ओळ… पुढच्या मे महिन्याची. मी भरलेली नाही.

कठड्याच्या मापाने विहिरीचा तळ अठ्ठेचाळीस फुटांवर आहे.

आकडा… 48.

"पुसून टाक पोरी," भागूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

पुसणार नाही. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलीय, खाली लिहिलंय, आतापासून पाणी जपा.

अण्णा, तुमचं माप आजवर कधी चुकलं नाही म्हणतात.

हे मी चुकवणार. अजून पाच महिने आहेत.