मागचं डावं दार

मागच्या शनिवारी रात्री आमच्याकडे लाइट गेली. साडेनऊ झाले असतील. बाळाला नुकतंच झोपवलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. थंडी होती, पण घरात काळोखात एकटीला बसवेना. पायरीवर नणंदेची दोन मुलं होती, शेजारची एक मुलगी होती, आणि खुर्चीत मोठे मामा. मोठे मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. त्यांचं उभं आयुष्य गाड्यांच्या गॅरेजमध्ये गेलं.

मुलांनी गोष्टीचा हट्ट धरला. भुताचीच पाहिजे म्हणाली. मामा आधी नाही नाही म्हणाले. मग त्यांनी आपली पिशवी मागितली, तिच्यातून एक डबी काढली, डबीतला कापूस उलगडला आणि आतली वस्तू माझ्या शेजारी पायरीच्या दगडावर ठेवली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर गाडीत असतो तसला, बोटाच्या पेराएवढा बल्ब.

"आत्ता कोणी हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "मोबाइलही बंद करा."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

पोरांनो, हे ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा जोडीदार. दुकान एक, कामं दोन. इंजिन माझं, वायरिंग त्याचं. सगळे त्याला फ्यूज म्हणायचे, कारण कोणी जरा जास्त बोललं की तो उडायचा. त्याची बायकोसुद्धा दुकानात फोन करून विचारायची, आमचा फ्यूज जेवायला निघाला का म्हणून.

एका मंगळवारी संध्याकाळी त्याला हेडमास्तरांचा निरोप आला. हेडमास्तर म्हणजे फ्यूजच्याच शाळेतले, आता घरी बसलेले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची गाडी होती. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, आरशासारखी पुसलेली. तक्रार एकच. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी सुरू व्हायची नाही. बॅटरी उतरलेली. दोघा-तिघा मेकॅनिकांनी हात मारले होते. नवी बॅटरी झाली, डायनामो खोलून झाला, पट्टा बदलून झाला. सकाळी पुन्हा तेच. किल्ली फिरवली की नुसतं टक... आणि गप्प.

एरवी हेडमास्तरांनी गाडी झाकून ठेवली असती आणि विसरले असते. पण घरात सून होती, दिवस भरलेली. मुलगा बोटीवर नोकरीला. घर गावाबाहेर, खाणीच्या रस्त्याला. हॉस्पिटल तिथून अर्ध्या तासावर, आणि रात्री त्या रस्त्यावर रिक्षासुद्धा यायची नाही. गाडी सुरू झाली पाहिजे, आणि मध्यरात्रीही झाली पाहिजे, एवढंच म्हातारा सारखं म्हणत होता.

फ्यूज त्यांच्या घरी, गॅरेजात गेला. हेडमास्तरांनी त्याला चहा दिला आणि टोमणाही दिला. शाळेत विजेचा धडा तुझ्या डोक्यावरून गेला होता, आता तरी शिरलाय का? दुसरा कोणी असता तर फ्यूज उडाला असता. सरांपुढे हसला आणि बॉनेट उघडलं.

इंजिन चालू करून त्याने बॅटरीला मीटर लावला. काटा बरोबर वर चढत होता. म्हणजे गाडी चालताना बॅटरी नीट भरत होती. तो सरांना म्हणाला, टाकीत पाणी चढतंय हो, खाली कुठलातरी नळ उघडा राहतोय. सगळे मोटर तपासत बसले, नळ कोणी बघितला नाही.

नळ शोधायची आमची एक साधी रीत असते. इंजिन बंद करायचं, सगळे दिवे बंद, सगळी दारं बंद. बॅटरीची एक वायर सोडवायची आणि ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडायचा. गाडीत काहीच चालू नसेल तर तो दिवा पेटत नाही. पेटला, म्हणजे कोणीतरी आत वीज पितंय.

त्याने दिवा जोडला. पेटला नाही.

पंधरा-वीस मिनिटं दोघं बघत उभे राहिले. काही नाही. फ्यूज म्हणाला, आता मी हातपाय धुतो, तोवर राहू दे असंच. गॅरेजचा बल्ब मालवून तो नळावर गेला. परत आला तर अंधारात बॉनेटखाली त्याचा दिवा मंद पेटलेला होता.

आणि गाडीच्या आत, टपाला असतो तो दिवा... तोही मंद पेटलेला होता.

आता हा आतला दिवा दार उघडलं की लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक बटण असतं. दार लागलं की बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो. फ्यूजला हायसंच वाटलं. एखादं बटण अडकत असेल. हेडमास्तर रोज रात्री गाडीवर जाड कापडाची खोळ घालायचे, त्यामुळे आत दिवा लागलेला कोणाला दिसलाच नव्हता. त्याने एकेक दार उघडून, बटण साफ करून पुन्हा लावलं. पुढची दोन, मागचं उजवं. दिवा तसाच.

मागच्या डाव्या दाराला हात घातला. दार उघडेना. आतून त्याच्या दांडीला सुतळी बांधून ती पुढच्या सीटखाली घट्ट ओढलेली होती.

हेडमास्तर म्हणाले, ते दार उघडायचं नाही. ते आम्ही उघडत नाही.

बरं. फ्यूज आत मागच्या सीटवर बसला, दार लावून घेतलं. दाराशेजारच्या खांबाचं झाकण उचकटून त्या डाव्या दाराच्या बटणाची वायर शोधली आणि ओढून काढली. दिवा विझला. पुन्हा टेकवली. लागला. काढली. विझला. दार तर पक्कं लागलेलं, वर सुतळीने बांधलेलं. पण गाडीच्या हिशोबाने... ते दार उघडं होतं.

तो म्हणायचा, मला तेव्हा भीती नाही वाटली. बटण खराब, एवढंच. मी वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली. वर खात्रीसाठी टपाचा बल्बही काढला आणि शर्टच्या खिशात टाकला. आता दिवाच नाही तर लागणार काय?

 हेडमास्तरांनी बल्ब खिशात गेलेला बघितला आणि मग सांगितलं.

त्यांना एक नात होती. याच सुनेची पहिली मुलगी, चार वर्षांची. डाव्या दाराशी बसायची आणि दार स्वतःच लावायची. दुसऱ्या कोणी लावलं तर रडून गोंधळ, मग दार उघडायचं आणि तिला लावू द्यायचं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी असंच तिने लावलं. नीट लागलं नव्हतं. आई शेजारीच बसलेली. नीट लावलंस ना, असं विचारायचं तिच्या तोंडावर आलं होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. खाणीच्या वळणावर दार उघडलं.

"दिवा लागलेला होता," हेडमास्तर म्हणाले. "दार उघडं म्हणून दिवा लागलेला असणारच. पण भर दुपारी तो कोणाला दिसतो? गाडी मीच चालवत होतो."

 फ्यूज हत्यारं गोळा करायला लागला.

आणि गॅरेजच्या दारात सून येऊन उभी राहिली. एक हात चौकटीला, एक पोटाला. म्हणाली, बाबा, निघायला हवं.

साडेअकरा वाजले होते. हेडमास्तरांना रात्री धड दिसत नसे, म्हणून फ्यूज स्टिअरिंगवर बसला. बॅटरीची वायर जोडली, किल्ली फिरवली. एका फटक्यात गाडी सुरू. म्हाताऱ्याने हात जोडले. तो मागे सुनेजवळ बसायला निघाला, तर तिने अडवलं. ती उजव्या बाजूला बसली होती.

"तुम्ही पुढे बसा बाबा," ती म्हणाली. "इथे जागा राहू दे."

कळा येत असतील, आडवं व्हायचं असेल, असं फ्यूजला वाटलं. निघाले.

रस्ता मोकळा. दोन्हीकडे काही नाही. मागून तिचे श्वास ऐकू येत होते. रस्ता पाठ असल्याने हेडमास्तर खड्डा आला की सांगत होते. खाणीचं वळण जवळ आलं, तसं तेही बोलायचे थांबले.

वळण आलं.

गाडीत उजेड झाला.

मंद. पिवळा. स्टिअरिंगवरचे आपले हात त्याला दिसले. समोरच्या काचेत हेडमास्तरांचा चेहरा दिसला. त्याने वर पाहिलं. टपाला काही नव्हतं. रिकामी खोबण.

मग त्याने खाली पाहिलं.

उजेड त्याच्या खिशातून येत होता.

कापडातून. गोल. छातीवर. कुठेही न जोडलेला तो बल्ब... पेटला होता.

हेडमास्तरांनीही बघितलं.  पाय ब्रेकवर जाईना, फ्यूज नंतर म्हणाला. गाडी आपली चालतच होती. मागून गार वारा यायला लागला. डाव्या बाजूने. दार उघडं असलं की येतो ना... तसा.

आणि सून बोलली. कण्हत नव्हती. अगदी रोजच्या आवाजात.

"नीट नाही लागलं गं. पुन्हा लाव. जोरात."

...

दार आपटल्याचा आवाज झाला.

वारा थांबला.

खिसा विझला.

फ्यूजने आरशात बघितलं नाही. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत त्याने आरशात बघितलं नाही.

वेळेत पोचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्याही, अगदी वेळेत आणलंत. पहाटे मुलगा झाला. चांगला, रडणारा. आणि उजाडायच्या आत सून गेली. डॉक्टरीणबाईंना कारण सांगता येईना. रक्तस्राव नाही, ताप नाही. बाळाला एकदा बघितलं, कूस बदलली, डावीकडे तोंड केलं. नर्सला वाटलं, झोपली.

सकाळी फ्यूज दुकानात माझ्यासमोर येऊन बसला. तोच शर्ट. खिशावर बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग, इस्त्री जास्त वेळ राहिली की पडतो तसा. तो म्हणाला, हा बल्ब तू ठेव, माझ्या घरी लेकरं आहेत. त्यानंतर सूर्य मावळल्यावर त्याने कधी गाडीचं काम घेतलं नाही.

आणि हेडमास्तरांची गाडी? ती बॅटरी पुढे चार वर्षं टिकली. एकदाही उतरली नाही. जिची वाट बघत पोरीने दार उघडं ठेवलं होतं, ती मिळाली असेल.

मामा थांबले.  नणंदेचा धाकटा माझ्या अंगाला चिकटून बसला होता. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, मामा, खोटं ना हे?

 मामा मला म्हणाले, "सूनबाई, उचल तो. बघ, कसा साधा बल्ब आहे. तारही कधीची तुटलीय त्याची."

मी हात पुढे केला. गोष्ट सुरू झाल्यापासून तो बल्ब तिथेच पडलेला होता. मामा त्याला शिवले नव्हते, मुलं शिवली नव्हती. पायरीचा दगड इतका गार होता की माझे पाय बधिर झाले होते.

बल्ब गरम होता.

मी मागे वळून घराकडे बघितलं. आत काळोख. बाळाच्या खोलीचं दार मी येताना ओढून घेतलं होतं. नीट ओढून घेतलं होतं, मला आठवतंय...